केस न्हाण्याआधी टाळू ओळखा

शाम्पू टाळूसाठी असतो आणि कंडिशनर केसांच्या लांबीसाठी. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर नैसर्गिक पदार्थ निवडताना होणारा बराचसा गोंधळ टळतो. ‘माझे केस तेलकट आहेत’ असं आपण म्हणतो तेव्हा तेलकट असते ती टाळू, म्हणजे डोक्याची त्वचा, कारण तेल तिच्यातल्या ग्रंथींतून पाझरतं. ‘माझे केस कोरडे आहेत’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मनात असतात ते मानेखालचे, खांद्याखालचे केस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंत वेणी असेल, तर तिचं टोक पाचेक वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेलं असतं. तेवढ्या वर्षांचं ऊन, कंगवा, ड्रायर आणि नळाचं पाणी त्याने सोसलेलं असतं. मुळाशी दोन दिवसांचा चिकटपणा आणि टोकाला पाच वर्षांची झीज असताना दोन्हींवर एकच पुडी चालेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. धुण्याचा पदार्थ टाळू पाहून निवडायचा, मऊपणा देणारा पदार्थ लांबी पाहून.

टाळू कशी आहे हे घरच्या घरी कळतं. नेहमीप्रमाणे केस धुवा, तेल लावू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिशू पेपर किंवा पातळ कागद डोक्याच्या मध्यभागी आणि कानांमागे दाबून पाहा. कागदावर तेलाचा डाग उमटला तर टाळू तेलकट. तीन-चार दिवसांनीही डाग नाही आणि त्वचा ताणल्यासारखी वाटते, खाजते, तर कोरडी. या दोहोंच्या मधली असेल तर काळजीचं कारण नाही. कोंडा असेल तर तोही नीट पाहा. बारीक, कोरडा, पांढरा भुसा खांद्यावर पडत असेल तर तो कोरडेपणाचा असू शकतो. पिवळसर, चिकट, नखाखाली येणारे पापुद्रे असतील तर त्यामागे मॅलासेझिया ही बुरशी असते. ती टाळूच्या तेलावरच जगते. या दोन कोंड्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

लांबी ओळखण्यासाठी धुतलेले केस काही न लावता, न विंचरता वाऱ्यावर वाळू द्या. सरळ पडतात, लाटा येतात की वळ्या होतात, ते तेव्हाच खरं दिसतं. मग एक केस चिमटीत फिरवून पाहा. जाणवतही नसेल तर केस बारीक आहेत, स्पष्ट जाणवत असेल तर जाड. पाणी ओतल्यावर केस लगेच भिजतात आणि लगेच वाळतात, की पाणी आधी ओघळून जातं आणि मग वाळायला अर्धा दिवस लागतो, हेही पाहून ठेवा. लगेच पाणी पिणाऱ्या केसांवरचं आवरण झिजलेलं असतं. रंग, ब्लीच, स्ट्रेटनिंग केलेले केस बहुधा असेच असतात. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. ते घट्ट मिटलेले असले की केस चमकतो, उचकटले की एकमेकांत अडकतो आणि तुटतो. पाण्याच्या भांड्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो हे पाहण्याची जी युक्ती सांगितली जाते, तिच्यावर फारसा भरवसा ठेवू नका. केसाला लागलेलं थोडंसं तेलही तिचा निकाल बदलतं.

आधी पाणी तपासा

नैसर्गिक पदार्थ ‘मला लागू पडत नाहीत’ असं म्हणणाऱ्या अनेकांच्या घरी दोष पदार्थात नसतो, पाण्यात असतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं. हे पाणी बरंच मऊ असतं. बोअरचं पाणी मात्र अनेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. मराठवाड्यात, विदर्भात, शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांत टँकर आणि बोअरवर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. बादलीवर पांढरे चट्टे, डाळ शिजायला लागणारा वेळ आणि साबणाला न येणारा फेस, या त्याच्या खुणा.

जड पाण्यात साबण वापरला की क्षारांशी मिळून त्याचा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शिकेकाईच्या नावाने मिळणारी वडी हा आधी साबण असतो, मग त्यात थोडी शिकेकाई असते. त्याचा पीएच ९ ते १० असतो, टाळूचा साधारण ५.५. अल्कधर्मी पाण्यात केसावरचे खवले उचकटतात. त्यामुळे त्या वडीने केस राठ झाले म्हणून शिकेकाईला दोष देणं बरोबर नाही. शिकेकाई-रिठ्यातली सॅपोनिन नावाची द्रव्यं असा साका धरत नाहीत. म्हणून जड पाण्याच्या गावी साबणापेक्षा शिकेकाई-रिठ्याचा काढा कधीही चांगला. तरीही क्षार केसांवर बसतातच. ते काढायला शेवटच्या तांब्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर उपयोगी पडतं. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा पुरे. नुसतं लिंबू टाळूवर चोळू नका. लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि वर कडक ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी काळवंडू शकते, म्हणून ते पाणी ओतल्यावर पुन्हा साध्या पाण्याने डोकं धुवा. जमत असेल तर न्हाण्याचं शेवटचं पाणी पिण्याच्या आरओ फिल्टरचं किंवा पावसाळ्यात साठवलेलं पावसाचं घ्या. फरक पहिल्याच वेळी हाताला कळतो.

शिकेकाई, रिठा आणि त्यांचं प्रमाण

शिकेकाई ही एका काटेरी वेलीची शेंग. ती सौम्य आहे. तिचं पाणी किंचित आम्ल असतं, फेस थोडाच येतो आणि टाळूवरचं सगळं तेल ती ओरबाडून नेत नाही. रिठा मात्र जोरकस. त्याच्या फळाच्या गरात सॅपोनिन भरपूर असतं, फेसही भरपूर येतो आणि नुसता रिठा वारंवार वापरला की केस खरखरीत होतात. आवळकाठी धुण्यासाठी फारशी कामाची नाही. तिच्या आम्लपणामुळे केसावरचे खवले मिटायला मदत होते. मेथी बुळबुळीतपणा देते. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा हे मुख्यतः सुगंधासाठी आणि त्या मिश्रणाच्या प्रसन्नपणासाठी आहेत. त्यांच्याकडून केस वाढवण्याची अपेक्षा ठेवू नका, पण पुडीतून वगळूही नका. न्हाणं सुखाचं वाटलं तरच माणूस ते नियमाने करतो.

काष्ठौषधींच्या दुकानात सगळं सुटं मिळतं. सुटंच घ्या, कारण तयार पुडीत कशाचं प्रमाण किती हे कळत नाही. घरच्या साठ्यासाठी अर्धा किलो शिकेकाईला शंभर ग्रॅम आवळकाठी आणि पन्नास-पन्नास ग्रॅम मेथी आणि नागरमोथा घ्या. रिठा तुमच्या टाळूप्रमाणे घाला. टाळू तेलकट असेल तर दोनशे ग्रॅमपर्यंत, मधली असेल तर शंभर, कोरडी असेल किंवा केस रंगवलेले असतील तर अजिबात नको. रिठ्याच्या बिया काढून टाका. सगळं उन्हात कडकडीत वाळवा आणि दळून आणा. शिकेकाई दळताना तिची भुकटी नाकात जाते आणि शिंका थांबत नाहीत, म्हणून बरेच गिरणीवाले ती सगळ्यात शेवटी दळतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी गिरणीत थांबू नये आणि घरीही पूड चाळत बसू नये.

दळलेली पूड वस्त्रगाळ असली तरी कुरळ्या आणि दाट केसांत तिचे कण अडकतात, मग ते काढण्यासाठी केस चोळावे लागतात आणि तुटतात. लांब किंवा कुरळ्या केसांसाठी पुडीपेक्षा काढाच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. आठ-दहा शेंगा शिकेकाई, रिठा चालत असेल तर चार-पाच रिठ्यांची सालं आणि चमचाभर आवळकाठी तीन कप पाण्यात रात्री भिजत घाला. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर हाताने कुस्करा आणि तलम कापडातून गाळा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळा आणि लोह यांचा संयोग होऊन मिश्रण काळं पडतं. पिकलेल्या केसांना थोडा गडदपणा हवा असेल तर कढई मुद्दाम वापरता येते, पण फिक्या रंगात रंगवलेल्या केसांवर तिचा उपयोग करू नका.

काढा ओल्या टाळूवर थोडा थोडा ओता आणि बोटांच्या पेरांनी मुळांशी फिरवा. लांबीला वेगळं चोळायची गरज नाही. ओघळणाऱ्या पाण्याने ती पुरेशी स्वच्छ होते. फेस येत नाही म्हणून जास्त ओतू नका. फेस आणि स्वच्छता यांचा संबंध आपल्या सवयीत आहे, केसांत नाही. डोळे मात्र जपा. रिठा-शिकेकाईचं पाणी डोळ्यांत गेलं तर जबर झोंबतं आणि डोळे लाल होतात. लहान मुलांचं डोकं मागे झुकवून धुवा. काढा त्याच दिवशी संपवा, उरला तर फ्रीजमध्ये फार तर दोन दिवस. वास बदलला की ओतून द्या.

पहिल्या काही न्हाण्यांत केस जाडे, खरखरीत लागतील. ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत’ असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं, ते खरं नाही. बाजारच्या बऱ्याच शाम्पूंत केसांवर गुळगुळीत थर देणारी द्रव्यं असतात, काढा तसा थर देत नाही, एवढंच. त्या उणिवेची भरपाई कंडिशनरने करायची असते.

बेसन, मुलतानी माती, अंडं यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. बेसन आणि माती तेल शोषतात, तेलकट टाळूच्या आखूड केसांना चालतात, लांब केसांत गुठळ्या करतात. अंड्यातलं प्रथिन केसाच्या आत शिरण्याइतकं लहान नसतं, आणि गरम पाणी ओतलं तर ते केसांतच शिजतं. खायचा सोडा मात्र कुणीच वापरू नये. तो अल्कधर्मी आहे, केसावरचे खवले उचकटतो.

बाटली घ्यायची असेल तर

दर वेळी काढा करायला वेळ नसतो, त्यात काही वावगं नाही. बाटलीवर पानं-फुलं काढलेली असली आणि ‘नॅचरल’ लिहिलेलं असलं, तरी बाटली उलटी करून घटक वाचा. सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. कोरफड, जास्वंद, भृंगराज यांचे अर्क सुगंधी द्रव्यानंतर आले असतील, तर ते नावापुरते आहेत असं धरून चाला. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेल्या शाम्पूंवर वनस्पतींची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असते आणि शेवटी ‘शाम्पू बेस, आवश्यकतेनुसार’ अशा अर्थाचे दोन शब्द असतात. फेस त्या बेसचा असतो, आणि त्यात काय आहे हे बाटली सांगत नाही.

सोडियम लॉरिल सल्फेट नारळाच्या किंवा पामच्या तेलापासूनही बनवतात, तरी ते कोरड्या टाळूला कडक पडतं. लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन ही नावं पहिल्या पाच-सहांत असतील तर शाम्पू मऊ प्रकारचा आहे. कोरडी टाळू, कुरळे किंवा रंगवलेले केस यांच्यासाठी तो पाहा. टाळू फार तेलकट असेल, रोज लोकलने प्रवास आणि घाम असेल, तर मऊ शाम्पूने डोकं चिकट राहू शकतं. तेव्हा सल्फेटवाला शाम्पू पाण्यात पातळ करून लावण्यात गैर काही नाही.

शाम्पूच्या वड्या सध्या खूप मिळतात. घटकांत सोडियम कोकोएट, सोडियम पामेट असं काही आढळलं तर ती वडी साबण आहे. जड पाण्याच्या घरी ती नको. आयसेथिओनेट असेल तर चालेल. आणि पाणी असलेल्या बाटलीवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं अभिमानाने लिहिलेलं असेल तर ते चांगलं लक्षण समजू नका. आपल्या दमट न्हाणीघरात अशी बाटली बुरशीचं घर होते.

लांबीसाठी

स्वयंपाकघरात आणि अंगणात मिळणारे बहुतेक कंडिशनर बुळबुळीत असतात आणि त्यांचा गुण त्या बुळबुळीतच आहे. जास्वंदीची दहा-बारा पानं पाण्यात कुस्करली की हिरवा, दाट रस निघतो. तो गाळून लावला की केस हलकेच स्वच्छही होतात आणि मऊही. केरळात याला ताळी म्हणतात आणि तिथे ती रोजच्या न्हाण्याची गोष्ट आहे. सरळ, बारीक केसांसाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही. बारीक केस तेल, नारळाचं दूध, दही यांच्या वजनाने चपटे पडतात, जास्वंदीने पडत नाहीत.

लाटा असलेल्या केसांना मेथी मानवते. दोन चमचे मेथी रात्रभर भिजवून वाटा आणि कापडातून पिळून फक्त रस घ्या. वाटण तसंच लावलं तर दिवसभर केसांतून कण गळतात. कुरळ्या केसांसाठी जवस घ्या. पाव कप जवस दोन कप पाण्यात ढवळत उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा दाटपणा आला की गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर ते गाळलं जात नाही. ओल्या केसांवर थोडंसं लावून वळ्या हाताने दाबा आणि धुऊ नका. फ्रीजमध्ये ते चार-पाच दिवस टिकतं. कोरफड ताजी घेत असाल तर कापल्यावर पान उभं ठेवून पिवळा चीक गळू द्या आणि गर धुऊन घ्या. बहुतेकांना खाज येते ती त्या चिकामुळे.

या सगळ्यांची एक मर्यादा समजून घ्यायला हवी. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो. बाजारच्या कंडिशनरमध्ये बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारखी धनभारित द्रव्यं असतात, ती अशा केसाला चिकटतात आणि धुतल्यावरही थोडी उरतात. जास्वंदीचा किंवा मेथीचा रस बराचसा धुऊन जातो. निरोगी केसांना तो पुरतो, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग केलेल्या केसांना बहुधा नाही. अशा वेळी मुळांशी काढा आणि कानाखालच्या केसांना बाजारचा कंडिशनर अशी जोडी जमवा. सगळं नैसर्गिकच हवं या हट्टापायी केस तुटू देऊ नका. घटकांत सेटिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका, ते मेणासारखं असतं, केस कोरडे करत नाही.

खोबरेल तेल ही आपल्याकडची मोठी ठेव आहे, आणि त्याला पुरावाही आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसांतून जाणारं प्रथिन फक्त खोबरेल तेलाने कमी झालं. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, पण कारण पटण्यासारखं आहे. या तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्याने केसाच्या आत शिरतं. म्हणून तेल न्हाण्याआधी दोन तास किंवा आदल्या रात्री लावा, लांबीला लावा आणि तळहातभरच घ्या. चोपडलेलं तेल नुसत्या शिकेकाईने निघत नाही, मग रिठा वाढवावा लागतो आणि तेलाने मिळालेलं त्यात जातं. चिकट कोंडा असेल तर टाळूला तेल लावणं थांबवा. घरातली ज्येष्ठ मंडळी नेमका तेव्हाच तेलाचा आग्रह धरतात, पण त्या बुरशीला तेल हेच खाद्य आहे. अशा कोंड्याला औषधाच्या दुकानातला किटोकोनाझोलचा शाम्पू लागतो. काढ्याने तो बरा होण्याची वाट पाहू नका.

करून पाहताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. काढा, नवं तेल, मेथी आणि लिंबू एकाच आठवड्यात सुरू केलं, तर काय मानवलं आणि काय बाधलं हे कधीच कळणार नाही. नवा पदार्थ आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून दोन दिवस पाहा. मग महिनाभर द्या. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला बदली झाली, पावसाळा सुरू झाला, केस कापले, तर निवड पुन्हा तपासा. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयातही टाळूचा स्वभाव बदलतो.

दोन गोष्टी मुळीच वापरू नका. एक म्हणजे झटपट काळा रंग देणारी ‘काळी मेंदी’. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस असतो. काळेपणासाठी तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन मिसळलेलं असतं आणि त्याची ॲलर्जी भयंकर असू शकते. दुसरी म्हणजे उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड. गावोगाव हा उपाय अजून चालतो. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. उवांसाठी बारीक दातांची फणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध एवढंच पुरे.

केस गळण्याबद्दल: दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचं असतं. डेंगी, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने जातात आणि पुष्कळदा आपोआप परततात. लोह कमी असणं आणि थायरॉइड हीदेखील कारणं असतात. यांतलं काहीच शाम्पू बदलून सुधारत नाही. चाई पडली असेल, टाळूवर फोड, पू किंवा जाड खपल्या असतील, भांग रुंद होत चालला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना घरी वापरत असलेल्या बाटल्या आणि पुड्या सोबत न्या, आणि काढ्यात काय काय घालता ते एका कागदावर लिहून न्या.